ओठांवरचे गोंदण : रंग टिकतो कसा, जखम भरते कशी?

गेल्या उन्हाळ्यात एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांचे शिबिर होते. शेवटच्या दिवशी अकरावी-बारावीच्या मुलामुलींनाही बोलावले होते. अशा वेळी आम्ही एक प्रश्नपेटी ठेवतो. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. समोर उभे राहून जे प्रश्न विचारले जात नाहीत ते पेटीतून निघतात, असा आमचा अनुभव आहे.

त्या दिवशी एकाच अक्षरातल्या दोन चिठ्ठ्या निघाल्या. पहिली अशी होती : ‘माझ्या बहिणीने लग्नाआधी पार्लरमध्ये ओठांत कायमचा रंग भरून घेतला. पहिल्या दिवशी रंग फार गडद होता. आठ दिवसांनी खपल्या पडल्या तेव्हा तो जवळजवळ गेला. महिन्याने पुन्हा दिसू लागला. पुस्तकात तर लिहिले आहे की त्वचेच्या पेशी सतत गळतात आणि नव्या येतात. मग रंग टिकतो कसा? आणि गेलेला परत येतो कसा?’

दुसरी चिठ्ठी एका ओळीची होती. तिच्याकडे शेवटी येऊ.

पुस्तकातले वाक्य आणि घरात दिसलेली गोष्ट जुळत नाहीत हे या मुलीच्या लक्षात आले. विज्ञानाची सुरुवात इथेच होते. ‘असल्या गोष्टी शाळेत कशाला’ असे म्हणून चिठ्ठी बाजूला ठेवता आली असती. पण शहरांतच नव्हे तर लहान गावांतही हे रंग भरण्याचे काम आता होऊ लागले आहे. कोणी त्याला लिप टिंट म्हणते, कोणी लिप ब्लश. जी गोष्ट आपल्या विद्यार्थिनी करून घेणार आहेत, किंवा करून घ्यावी का असा विचार करत आहेत, तिचे विज्ञान त्यांना ठाऊक असलेले बरे.

मेंदी जाते, गोंदण राहते

आपल्या आजीच्या हातावर दोन प्रकारचे रंग आपण पाहिलेले असतात. सणाला काढलेली मेंदी दोन-तीन आठवड्यांत फिकी पडते. लहानपणी जत्रेत गोंदून घेतलेली तुळस मात्र सत्तर वर्षांनंतरही कायम असते. दोन्ही रंग त्वचेतच, मग हा फरक का?

त्वचेचे मुख्य थर दोन. वरची बाह्यत्वचा आणि तिच्याखालची अंतस्त्वचा. बाह्यत्वचेच्या तळाशी पेशींचे सतत विभाजन होत असते. नव्या पेशी वर ढकलल्या जातात, वाटेत केराटिन या प्रथिनाने भरतात, चपट्या होतात, मरतात आणि शेवटी गळून पडतात. या प्रवासाला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मेंदीचा रंग सर्वांत वरच्या मृत पेशींमधल्या केराटिनला चिकटतो. त्या पेशी गळाल्या की त्यांच्याबरोबर रंगही जातो. गोंदणाची सुई मात्र बाह्यत्वचा भेदून अंतस्त्वचेत पोचते. तिथल्या पेशी अशा थरांनी गळत नाहीत.

लिपस्टिक आणि लिप टिंट यांच्यातला फरक हाच आहे. लिपस्टिक ही मेंदीहूनही वरवरची. लिप टिंट हे गोंदण आहे. बारीक सुई यंत्राने सेकंदाला कित्येक डझन वेळा खाली-वर होते आणि साधारण अर्धा ते एक मिलिमीटर खोलीवर रंगाचे कण सोडते. एका बैठकीत ओठांना अशी हजारो छिद्रे पडतात. पार्लरच्या जाहिरातीत याला ‘मेकअप’ म्हटलेले असले तरी शरीराच्या दृष्टीने ती जखम असते. तयारी कशी करायची आणि नंतर काळजी काय घ्यायची, हे सारे या एका गोष्टीवरून ठरते.

ओठ ही वेगळी जागा

ओठांचा लाल भाग ही बाहेरची त्वचा आणि तोंडातले ओले अस्तर यांच्यामधली सीमारेषा आहे. इथे केस नाहीत, घामाच्या ग्रंथी नाहीत, तेलाच्या ग्रंथीही अगदी तुरळक. वरचा मृत थर फार पातळ. अंतस्त्वचेची बोटांसारखी टोके बाह्यत्वचेत उंच घुसलेली असतात आणि त्या टोकांत केशवाहिन्यांची दाट जाळी असते. ओठांचा लालसरपणा म्हणजे पातळ पडद्यामागून दिसणारे रक्त. म्हणूनच रक्तक्षय झालेल्या माणसाचे ओठ फिके दिसतात आणि थंडीने गारठलेल्याचे निळसर.

या रचनेतून तीन गोष्टी निघतात. तेल नसल्याने ओठ लवकर कोरडे पडतात. रक्तपुरवठा भरपूर आणि आतली ऊती सैल असल्याने ते लवकर सुजतात. पण त्याच रक्तपुरवठ्यामुळे ते भरूनही लवकर येतात.

गिळलेला पण न पचलेला रंग

अंतस्त्वचेत गेलेल्या रंगाचे पुढे काय होते, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे, १८८२ सालात जाऊ. रशियन जीवशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह तेव्हा सिसिली बेटावरच्या मेसिना गावी होते. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांच्या शरीरात त्यांनी झाडाचे बारीक काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर प्रत्येक काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. बाहेरून आलेल्या वस्तूला घेरून गिळू पाहणाऱ्या या पेशींना पुढे भक्षक पेशी असे नाव मिळाले. या कामासाठी मेचनिकॉव्ह यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिश यांच्याबरोबर विभागून मिळाले.

रंगाचे कण म्हणजे शरीराच्या दृष्टीने तसेच काटे. आपल्या त्वचेत असणाऱ्या महाभक्षी पेशी ते गिळतात. जिवाणू गिळला तर त्या विकरांच्या साह्याने त्याचे तुकडे करतात. पण काजळीचा कार्बन किंवा लोहाचा ऑक्साइड तोडू शकेल असे विकर त्यांच्याजवळ नाही. त्यामुळे कण पेशीच्या पोटात तसेच पडून राहतात. आजीच्या हातावरची तुळस म्हणजे तिच्या संरक्षक पेशींनी गिळलेला आणि कधीच न पचलेला घास आहे!

इथे हुशार विद्यार्थी विचारतील की महाभक्षी पेशीसुद्धा कधीतरी मरतच असतील. अगदी बरोबर. या प्रश्नाचे उत्तर २०१८ मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दिले. उंदरांच्या शेपटीवर त्यांनी हिरवे गोंदण केले आणि ठराविक पद्धतीने तिथल्या महाभक्षी पेशी मारून टाकल्या. गोंदण होते तसेच राहिले. मेलेल्या पेशींतून सुटलेले कण जागच्या जागी पडून राहिले आणि नव्याने आलेल्या पेशींनी ते पुन्हा गिळले. पेशी बदलल्या, रंग तिथेच राहिला. धर्मशाळेतले प्रवासी बदलावेत आणि सामान तिथेच राहावे, तसे हे आहे. काही थोडे कण मात्र लसीकेबरोबर वाहत जवळच्या लसीका ग्रंथींत जाऊन साठतात. गोंदण वर्षानुवर्षे थोडे थोडे फिके होते त्याचे हे एक कारण. ओठांवर रंग चढवून ठेवणे अधिकच अवघड, म्हणून तिथला रंग काही वर्षांत बराच फिका पडतो. तो पूर्ण जाईलच अशी मात्र खात्री देता येत नाही.

गेलेला रंग परत कसा येतो?

आता चिठ्ठीतल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. सुई आत-बाहेर जाताना रंग फक्त अंतस्त्वचेत राहत नाही, वाटेतल्या बाह्यत्वचेतही तो सांडतो. शिवाय पहिल्या दिवशी जखमेचा लालपणा, सूज आणि थोडे गोठलेले रक्त असतेच. या सगळ्यांची बेरीज म्हणजे पहिल्या दिवसाचा भडक रंग. चार-आठ दिवसांत खपल्या आणि त्यांच्याबरोबर बाह्यत्वचेतला रंग पडून जातो. खाली आलेली नवी त्वचा अजून कच्ची असते. तिचे थर नीट बसलेले नसतात, त्यामुळे धुके पडल्यासारखा प्रकाश विखुरतो आणि खालचा रंग झाकला जातो. चार ते सहा आठवड्यांत ही त्वचा पक्व होते, पडदा पारदर्शक होतो आणि आतला रंग दिसू लागतो. म्हणजे रंग गेलाही नव्हता आणि परतही आला नाही. बदलली ती मधली खिडकी.

म्हणून दहाव्या दिवशी ‘रंग बसलाच नाही’ म्हणून पुन्हा सुई लावून घेणे चुकीचे. निदान सहा आठवडे तरी थांबलेच पाहिजे.

वर्गात करून पाहा

काचेची एक पारदर्शक बशी घ्या. खाली फिका गुलाबी कागद ठेवा. बशीत कोऱ्या चहाचा पातळ थर ओता आणि वरून पाहा. कागद आता गुलाबी दिसत नाही, तपकिरी-राखाडी छटा येते. चहा थोडा थोडा वाढवत जा आणि छटा कशी बदलते त्याची नोंद करा. इथे चहा म्हणजे मेलॅनिन आणि कागद म्हणजे भरलेला रंग.

आता खाली काळा कागद ठेवा आणि बशीत पाणी घालून खूप पातळ केलेले दूध ओता. काळा कागद निळसर दिसेल. दुधातले बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. काजळीने केलेले काळे गोंदण हिरवट-निळे का दिसते, याचे उत्तर विद्यार्थ्यांना या बशीत सापडेल.

पहिल्या प्रयोगाचा आपल्याशी फार जवळचा संबंध आहे. आपल्याकडच्या बहुतेकांच्या ओठांत बाह्यत्वचेच्या तळाशी मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य असते. भरलेला रंग त्याच्याखाली जातो. गोऱ्या ओठांवर काढलेल्या छायाचित्रातला फिका गुलाबी रंग सावळ्या ओठांत भरला तर तो वरच्या मेलॅनिनमधून पाहावा लागतो आणि राखेसारखा दिसू शकतो. दुसरे असे की, कोणतीही जखम मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशींना चेतवू शकते. मुरमे गेल्यावर गालावर काळे डाग राहतात ते यामुळेच. म्हणजे ओठ उजळावेत म्हणून केलेल्या जखमेनेच ते काही महिने अधिक काळे पडण्याचा संभव असतो. सावळ्या त्वचेत हा संभव जास्त असतो. जाहिरातीत हे सांगितले जात नाही.

सुईआधीची तयारी

ज्यांनी विचारपूर्वक हे करून घ्यायचे ठरवले आहे त्यांनी तयारी काय करावी? प्रत्येक सूचनेमागचे कारणही पाहत जाऊ.

पहिली गोष्ट, ओठ निरोगी हवेत. भेगा पडलेल्या, सोललेल्या ओठांवर रंग सारखा बसत नाही आणि जंतूंना आयती वाट मिळते. आधीचे एक-दोन आठवडे साधे पेट्रोलियम जेलीचे मलम लावावे, पाणी पुरेसे प्यावे. ओठ चाटण्याची सवय सोडावी. लाळ वाळताना ओठांतला ओलावाही घेऊन जाते. साखरेने ओठ घासणे वगैरे उपाय आदल्या दिवशी करू नयेत.

दुसरी गोष्ट, तापानंतर ओठाच्या कडेला पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका तुम्हाला कधी उठला होता का, हे आठवावे. हे फोड हर्पिस सिंप्लेक्स या विषाणूमुळे येतात. नागिणीच्या विषाणूचा हा चुलतभाऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतील जगातल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या शरीरात त्याचा पहिला प्रकार आहे. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. एकदा शिरला की तो चेहऱ्याच्या चेतातंतूवरून आत जातो आणि कवटीच्या तळाशी असलेल्या चेतापेशींच्या गुच्छात दडून बसतो. ताप, कडक ऊन किंवा ओठाला झालेली इजा त्याला जागे करते. हजारो टोचे ही तर मोठीच इजा. ताज्या जखमेवर हे फोड पसरले की वेदना होतात, रंग जातो आणि व्रणही राहू शकतो.

यावर औषध आहे. असायक्लोव्हिरसारखी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच सुरू करता येते. तिची युक्ती मोठी सुंदर आहे. गोळीतले रसायन मुळात निष्क्रिय असते. विषाणूचे स्वतःचे एक विकर त्याला कार्यान्वित करते आणि मग ते विषाणूच्या डीएनएत खोट्या विटेसारखे बसून पुढचे बांधकाम थांबवते. विषाणू नसलेल्या पेशीत ते विकरच नसल्याने ती पेशी बहुतांशी सुरक्षित राहते. अशा पद्धतीने औषधे घडवण्याचे तत्त्व शोधणाऱ्यांत गर्ट्रूड एलियन होत्या. त्यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

तिसरी गोष्ट, चालू असलेली औषधे. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांना रक्तस्राव जास्त होईल, पण म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नये. हृदयाचे औषध ओठांसाठी थांबवणे हा उलटा हिशेब आहे. मुरमांवरच्या आयसोट्रेटिनॉइन गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच बंद केल्या असतील तर त्वचा नाजूक असते. मधुमेह आटोक्यात नसेल तर जखम उशिरा भरते. जखमेच्या जागी जाड, वाढत जाणारा व्रण येण्याची प्रवृत्ती असेल तर हा विचारच सोडून द्यावा. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना थांबणे शहाणपणाचे. अठरा वर्षांखालील मुलींनी तर थांबावेच. शरीर आणि आवड या दोन्ही गोष्टी त्या वयात बदलत असतात, भरलेला रंग मात्र आपल्या मर्जीने बदलत नाही.

चौथी गोष्ट, ॲलर्जीची चाचणी. कानामागे थोडा रंग लावून काही दिवस पाहतात. खाज, पुरळ आले तर रंग भरू नये. पण काही झाले नाही म्हणजे पूर्ण निर्धास्त, असेही नाही. लाल रंगांची ॲलर्जी कधी कधी काही महिन्यांनी, काही वर्षांनीही उद्भवते.

बधिर करणाऱ्या मलमाबद्दलही विचारून घ्यावे. त्यात बहुधा लिग्नोकेन असते. ते चेतातंतूंतील सोडियमचे मार्ग अडवून वेदनेचा संदेश थांबवते. टोचलेल्या ओठांतून ते झपाट्याने रक्तात जाते आणि प्रमाण फार झाले तर मेंदू आणि हृदयावर परिणाम करू शकते. नाव-प्रमाण न लिहिलेल्या डबीतले मलम लावू देऊ नये.

निर्मळ आणि निर्जंतुक

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, म्हणून ती वेगळी सांगतो. सुई सीलबंद पाकिटातून आपल्यासमोर काढलेली आणि एकदाच वापरायची असावी. रंग लहान वाटीत आपल्यापुरता ओतलेला असावा, उरलेला परत बाटलीत जाऊ नये. हिपॅटायटिस-बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा कण त्याला पुरतो. या रोगावर लस आहे. आपल्या देशात ती सर्व बालकांना देणे २०११ पर्यंत देशभर पोचले, त्यामुळे आज विशीत-तिशीत असलेल्या अनेकांना ती मिळालेली नसण्याची शक्यता आहे. तीन मात्रांना सुमारे सहा महिने लागतात, तेव्हा विचार आधीच करायला हवा. आपल्याकडे २०१७ च्या रक्तदात्यांविषयीच्या राष्ट्रीय निकषांत गोंदण केल्यावर बारा महिने रक्तदान करू नये असे म्हटले आहे. तेही याच धोक्यामुळे.

शिक्षकांना उपयोगी पडेल असे एक उदाहरण सांगतो. २०११ च्या अखेरीस अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, रॉचेस्टर भागात, गोंदण करून घेतलेल्या १९ जणांच्या त्वचेत क्षयाच्या जंतूच्या कुळातला एक जिवाणू सापडला. दुकान स्वच्छ होते, सुया नव्या होत्या. दोष निघाला रंगात. कारखान्यात तो पातळ करायला ऊर्ध्वपातित पाणी वापरले होते. ऊर्ध्वपातित पाण्यात क्षार नसतात, पण साठवताना त्यात जिवाणू शिरू शकतात. शुद्ध आणि निर्जंतुक हे शब्द प्रयोगशाळेत वेगळे का वापरतात, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. समोर कोणी रंगात नळाचे पाणी मिसळत असेल तर सरळ उठून यावे.

जखम भरताना

सुई थांबताच दुरुस्ती सुरू होते. बिंबाणू आणि फायब्रिनचे जाळे रक्त थांबवते. हिस्टामिनसारखी रसायने केशवाहिन्या सैल करतात, पाणी बाहेर झिरपते आणि ओठ सुजतात. पहिले एक-दोन दिवस सूज सर्वांत जास्त असते. स्वच्छ कापडात बर्फ गुंडाळून थोडा थोडा वेळ धरावा, बर्फ थेट लावू नये. पाझरणारा द्रव उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या निर्जंतुक गॉजने हलके टिपावा. साठू दिला तर जाड खपली धरते.

खपली धरू द्यायची की ओलावा ठेवायचा? आपल्या घरांत ‘जखम वाळू दे’ असे म्हणायची पद्धत आहे. १९६२ मध्ये इंग्लंडमधील जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवर उथळ जखमा करून काही उघड्या ठेवल्या आणि काही पातळ प्लास्टिकने झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी बाह्यत्वचा जवळपास दुप्पट वेगाने आली. कारण सोपे आहे. नव्या पेशी कडेने सरपटत येतात. ओलसर पृष्ठभागावर त्यांना सरळ वाट मिळते, वाळलेल्या खपलीखालून मात्र खोल वळसा घ्यावा लागतो. म्हणून धुतलेल्या हाताने पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर लावत राहावा. जाड लपेटा नको, कोरडेपणाही नको.

खपली ओढू नये. तिच्या मुळाशी नव्या पेशी आणि रंग दोन्ही असतात. ओढली की रंगात पांढरा ठिपका पडतो आणि व्रणाचा धोका वाढतो.

जेवणाचे काय? आठवडाभर ठेचा, लोणचे, लिंबू आणि कढत चहा यांना रजा द्यावी. मिरचीतले कॅप्सेसिन चेतातंतूंच्या ज्या ग्राहकांना चेतवते, तेच ग्राहक उष्णताही ओळखतात. म्हणून तिखट ‘जळते’. हे ग्राहक शोधण्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कातडी शाबूत असताना गोड वाटणारी ही आग उघड्या जखमेवर असह्य होते. जेवल्यावर ओठ हलके टिपून पुन्हा मलम लावावे. लिपस्टिक, पोहणे, विहिरीचे किंवा नदीचे पाणी आणि कडक ऊन दोन आठवडे तरी टाळावे.

आणि हळद? हळदीबद्दल आपल्या सर्वांना आपुलकी आहे. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, शिवाय ती स्वतःच रंग आहे. तेव्हा हळद, तूप, टूथपेस्ट यांपैकी काहीही या जखमेवर लावू नये.

सूज तिसऱ्या दिवसानंतर वाढत गेली, पू आला, ताप आला, लाली ओठाबाहेर पसरली किंवा फोडांचा पुंजका उठला, तर पार्लरमध्ये फोन न करता डॉक्टरांकडे जावे. फोड असताना लहान बाळाची पापी घेऊ नये. तान्ह्या बाळाला हा विषाणू घातक ठरू शकतो.

पुसता येते का?

‘आवडले नाही तर लेसरने काढता येईल’ असे सांगितले जाते. इथे एक रासायनिक गंमत आडवी येते. ओठांच्या रंगांत पुष्कळदा लोहाचा लाल ऑक्साइड आणि पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड असतो. लेसरच्या क्षणिक प्रखर उष्णतेत लाल फेरिक ऑक्साइडचे क्षपण होऊन ते काळे पडू शकते. १९९३ मध्ये अमेरिकेतील त्वचातज्ज्ञांनी असे रुग्ण नोंदवले. लाल ओठ घेऊन गेले आणि काळे घेऊन आले! क्षपण म्हणजे केवळ समीकरणे जुळवणे नव्हे, हे विद्यार्थ्यांना यावरून पटेल. रंगांच्या रसायनांवर युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून कडक बंधने आणली आहेत. त्यामुळे बाटलीवरची घटकांची यादी वाचणे आणि नसेल तर मागणे, हा ग्राहक म्हणून आपला अधिकारच समजावा.

दुसरी चिठ्ठी

आता त्या एका ओळीच्या चिठ्ठीकडे येऊ. तिच्यात लिहिले होते : ‘काळे ओठ हा रोग आहे का?’

ही चिठ्ठी वाचून दाखवल्यावर सभागृहात शांतता पसरली. आम्ही दिलेले उत्तर इथे पुन्हा देतो. नाही. जन्मापासून ओठ गडद असणे हा रोग नाही. ज्या मेलॅनिनमुळे आपली त्वचा सावळी आहे, तेच तिथेही आहे आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून ते पेशींच्या डीएनएचे रक्षण करते. त्याला औषध नाही, कारण तो आजार नाही.

पण ओठ आधी गडद नव्हते आणि मग झाले, तर कारण शोधावे. विडी-सिगारेट हे एक नेहमीचे कारण. एखाद्या लिपस्टिकची ॲलर्जी, काही औषधे, क्वचित अंतःस्रावी ग्रंथींचा विकार हीही कारणे असतात. आपल्याकडे तंबाखू आणि मिश्रीची सवय घराघरांत आहे. ओठावर किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा एकच वाढत जाणारा डाग दिसला, तर त्यावर रंग भरणे म्हणजे धोक्याची पाटी रंगवून टाकण्यासारखे आहे. आधी डॉक्टर, रंगाचे नंतर पाहू.

शिबिर संपल्यावर एक मुलगी आमच्याजवळ आली. ‘सर, बहिणीला सांगते, सहा आठवडे थांब म्हणून,’ असे म्हणाली. स्वतःबद्दल ती काही बोलली नाही, आम्हीही विचारले नाही. जाताना तिने बशी आणि उरलेला कोरा चहा मागून घेतला. घरी दाखवायचा होता.